डाव संपेपर्यंत

१

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माणसाला मोबाइलचा वीट आलेला असतो, हे गिऱ्हाइकांना कधीच पटत नाही. वसमतच्या बस स्टँडसमोर माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक टेबलफॅन आणि फुटलेल्या डिस्प्लेंचा ढीग. लोक येतात आणि म्हणतात, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला. हौदात पडलेला फोनसुद्धा आपोआपच बंद पडलेला असतो. दिवसभर अशी डोकेफोड करणाऱ्यानं वर पुन्हा मोबाइलवर लुडो खेळायचा, ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याला आहे ते मला माहीत नाही. मी ती भोगत होतो, कारण मायला लकवा मारला होता.

माझी माय कमलबाई, जन्मभर अंगणवाडीची ताई. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्याकडे बोलायला शिकली. ती स्वतः बोलायला लागली की समोरच्याला तोंड उघडायची सोय नव्हती. दिवाळीनंतर एका सकाळी गॅसवर चहा ठेवता ठेवता ती खाली बसली, आणि उजवा हात, उजवा पाय अन् बोलणं, सगळं एकदम गेलं. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्याकडे एकच अक्षर उरलं होतं, ‘ब’. तहान लागली तरी ब, माझ्यावर चिडली तरी ब. घरात आम्ही दोघंच. बहीण करुणा लग्न होऊन नांदेडला, तिचं काम फोनवरून सल्ले देण्याचं.

व्यायाम करून घ्यायला रेवती मॅडम घरी यायच्या. लुडो त्यांनीच काढला. म्हणाल्या, “नुसतं हात वर करा, हात खाली करा, याला पेशंट कंटाळतात. टॅबवर खेळू द्या. फासा दाबायचा, सोंगटी दाबायची. बोटाला ओढ लागली पाहिजे. बोट सुटलं की कधीकधी जीभही सुटते.” मग दाराशी चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, “पण जे काही यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, धम्मानंद. नंतर फार काही येत नाही.”

म्हणजे गोष्ट सरळ होती. या उन्हाळ्यापर्यंत माय बोलली तर बोलली.

मी दुकानातला एक जुना टॅब नीट करून तिच्या पलंगाला स्टँडवर बसवला. दिवसा तिच्याजवळ शेजारच्या पंचफुला काकी बसायच्या. दुपारी मी दुकानातून माझ्या फोनवर खेळायचो, माय घरी टॅबवर. तिच्या सोंगट्या पिवळ्या, माझ्या हिरव्या. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात तिचं बोट काचेकडे निघालं की पोचायला युग लागायचं. तोवर तिच्या फोटोभोवतीचं वेळेचं कडं फिरून संपायचं, आणि मग टॅब स्वतःच तिची चाल खेळून टाकायचा. म्हणजे ज्या बोटासाठी एवढा खटाटोप, त्याला काही कामच उरायचं नाही. मी खेळातल्या माईकमधून ओरडायचो, “माय, दाब ना. दाब. अगं दाबून टाक.” तिकडून यायचं, “ब.” इकडे काउंटरवर कोणीतरी विचारायचं, “भाऊ, चार्जर हाय का बारीक पिनचा?”

माझा स्वभाव मुळातच तापट. त्यात मार्च लागला होता, आणि सगळ्या वसमतला शिजवलेल्या हळदीचा वास सुटला होता. तो वास मला एरवी आवडतो. त्या दिवसांत तोही डोक्यात जायचा.

२

दुपारच्या वेळेलाच गिऱ्हाईक जास्त. खेड्यापाड्यातले लोक एसटीनं येतात, त्यांना तीनच्या गाडीनं परत जायचं असतं. मी कोणाचा तरी फोन उघडून बसायचो, हातात चिमटा, आणि इकडे माझी पाळी निघून जायची. दोन-चार पाळ्या चुकल्या की खेळ बंद, पुन्हा सुरुवात, पुन्हा काकींना फोन करून टॅब चालू करायला सांगणं. काकींना टॅबची भीती वाटायची. त्या फडक्यानं धरून दाबायच्या.

अशाच एका दुपारी पडद्यावर चौकट आली. तुम्ही नसताना तुमच्या जागी खेळू का? खाली, नेहमीसाठी, असा पर्याय.

आमच्या गल्लीत लिंबाखाली ओटा आहे. तिथं म्हातारेकोतारे पत्ते नाहीतर सोंगट्या खेळतात. तिथला रिवाज असा की मधेच उठायचं झालं तर शेजारी उभ्या असलेल्याच्या खांद्याला हात लावून ‘बस’ म्हणायचं. तो तुमच्या जागी बसतो. मात्र एकदा बसला की डाव संपेपर्यंत जागा त्याची. तुम्ही परत आलात तरी बाजूला उभं राहून बघायचं, बोलायचंही नाही. किसनराव एकदा बायकोला आणायला स्टँडवर जाऊन आले, तर त्यांच्या जागी बसलेल्यानं डाव असा लांबवला की बिचारे दिवस मावळेपर्यंत स्वतःच्याच चपलांवर बसून होते. बायको घरी जाऊन स्वयंपाक करून बोलवायला आली. त्यावर लोक अजून हसतात.

त्या चौकटीवर मी ‘नेहमीसाठी’ दाबलं. आणि दाबताना, वैतागून, सवयीनं म्हणालो, “बस बाबा, बस माझ्या जागी. तेवढाच माझा जीव सुटंल.”

पुढचा अर्धा तास मी एका म्हाताऱ्याच्या फोनला नवी चार्जिंग पट्टी लावत होतो. नजर मधूनमधून माझ्या फोनकडे. हिरव्या सोंगट्या आपापल्या चालत होत्या, आणि मला खरंच हायसं वाटलं.

मग एक गोष्ट खटकली. मशीन जेव्हा माणसाच्या जागी खेळतं तेव्हा ते थांबत नाही. पाळी आली की फासा, लगेच चाल. माझ्या जागी खेळणारा थांबत होता. माय चाल करून दमली की तो सावकाश, कडं जवळजवळ पूर्ण फिरू देऊन मग खेळायचा. तिला दम खायला वेळ मिळावा असा. मायची एक सोंगटी त्याच्या ऐन समोर आली, मारायला सहज. त्यानं मारली नाही. दुसरीच सोंगटी एक घर सरकवली.

नेटवर्क स्लो असेल, असं मी म्हटलं. धंदाच असा आहे की कशालाही नेटवर्क स्लो म्हणता येतं.

माईक चालू राहिला होता. त्यातून आमच्या घरातला पंखा ऐकू येत होता, तो खटखट करतो. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमच्या घरी प्लॅस्टिकची एकच खुर्ची, तिचा एक पाय चिरलेला, फरशीवरून ओढली की करकर वाजते. ती पलंगाजवळ ओढली जात होती. पंचफुला काकी खुर्चीवर बसत नाहीत. त्यांना गुडघ्याचा त्रास असूनही त्या खालीच बसतात, खुर्चीवर पाय लोंबकळतात म्हणतात.

“काकी?” मी माईकमध्ये म्हणालो.

पंखा खटखटत राहिला. मग मायचा आवाज आला. ब नाही. “बा,” असं लांबवलेलं.

३

पुढच्या वेळी रेवती मॅडम आल्या त्या खूश होऊनच बाहेर आल्या. मी नुकताच दुकान बंद करून आलो होतो.

“तुम्ही दुपारी जे करून घेताय ना, ते सोडू नका,” त्या म्हणाल्या. “अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही हललीत. आणि ओठांचा व्यायाम कुठून शिकलात? मी तर अजून सांगितलाही नव्हता.”

मी काही करून घेत नव्हतो. तसं म्हणावं असं वाटलं, पण कौतुक फार दिवसांनी कानावर पडलं होतं. मी मान हलवली.

आत गेलो तर मायचे केस विंचरलेले, तेल लावलेलं. नखं कापलेली. पलंगाशेजारी स्टीलचे दोन कप. मी काकींना म्हणालो, “काकी, नखं चांगली कापलीत.”

काकी हसल्या. “मी कुठं? तूच कापलीस की दुपारी.”

“मी दुपारी दुकानावर होतो.”

“येऊन गेलास तवा. रोज येतूस की. काकी, तुमी घरी जाऊन भाकर खाऊन या, मी बसतो मायपाशी, म्हणतूस. म्हणून तर मी जाते.”

माझं डोकंच फिरलं. म्हणजे ही बाई दुपारची घरी जाऊन झोपते, लकवा मारलेल्या माणसाला एकटं टाकून, आणि वर माझ्याच नावावर खपवते. मी बोलायचं ते बोललो, नको तेही बोललो. काकींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “लेकरा, मला काहून खोटं पाडतूस? इच्चार तुझ्या मायला.”

मी मायकडे वळलो. “माय, मी येतो का दुपारी?”

मायनं माझ्याकडे पाहिलं. लकव्यानंतर तिचा चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा असायचा, त्यावरचं काही वाचता यायचं नाही. ती डोळे मिटून घेऊन भिंतीकडे वळली. वळली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आधी तिला कुशीवर करायला दोन माणसं लागायची.

रात्री जेवताना करुणाचा फोन आला. म्हणाली, “दादा, आज दुपारी व्हिडिओवर तू किती शांत होतास रे. मायला घास भरवत होतास तवा मला रडूच आलं. असाच राहा बाबा.”

“मी आज फोन केला न्हाई तुला.”

“मायच्या टॅबवरून केलास की. तू पाठमोरा होतास.” मग म्हणाली, “काहून रे? भांडलास का कुणासंगं?”

मी फोन ठेवला. लकवा झालेल्या माणसाच्या घरात सगळ्यांचीच झोप पुरी होत नाही, माणसं काल-परवाची गोष्ट आजची सांगतात, असं मी स्वतःला समजावलं. काकी म्हाताऱ्या, करुणा हळवी. उरलो मी, आणि मला तर साधं आठवतही नव्हतं की मी मायला शेवटचा घास कधी भरवला. संध्याकाळी मी ताट ठेवायचो आणि चमचा डाव्या हातात द्यायचो. सवय व्हावी म्हणून.

४

मी तंत्रवाला माणूस. भुताखेतावर आमच्या घरात कोणी विश्वास ठेवत नाही, मायनं ठेवू दिला नाही. तेव्हा मी तंत्राचं काम केलं. माझ्या फोनमधला खेळ उघडला आणि ‘परत या’ दाबलं.

खाली ओळ आली. हा डाव संपल्यावर तुमची जागा तुम्हाला मिळेल.

मी ती वाचत राहिलो. असा निरोप कोणताही खेळ देत नाही. परत या म्हटलं की परत येता येतं, त्यासाठीच ते बटण असतं. आणि हे वाक्य तर आमच्या ओट्यावरचं होतं.

डाव कुठवर आला ते पाहिलं. मायच्या तीन सोंगट्या पिकल्या होत्या, म्हणजे घरात पोचल्या होत्या. चौथी घराच्या दारात, एकच घर बाकी. फाशावर एक पडलेला. सोंगटीला बोट लावलं की ती आत, डाव खलास, माय जिंकली. पाळी मायचीच होती. तिच्या फोटोभोवतीचं वेळेचं कडं मात्र नाहीसं झालं होतं. टॅब आता तिच्यासाठी खेळून टाकत नव्हता. सगळं थांबलं होतं, तिच्या एका बोटासाठी.

मी खेळ काढून टाकला, फोनमधून आणि टॅबमधूनही. दुसऱ्या दुपारी काकींना फोन करून विचारलं तर टॅबवर लुडो चालू. मग टॅब दुकानात नेऊन पूर्ण कोरा केला, नव्यासारखा. संध्याकाळी घरी आणून स्टँडवर लावला, चालू केला, आणि काही न दाबता तोच पट समोर आला. दारातली पिवळी सोंगटी, फाशावर एक. त्या दिवशी मी तो टॅब कपाटात कुलूप लावून ठेवला. माय अशी ओरडायला लागली की गल्ली गोळा झाली. शब्द नव्हते, नुसता आवाज. गल्लीतले माणिकराव दारातून म्हणाले, “दे ना बाबा तिला तिचा टॅब. काहून तकलीफ देऊन राहिलास म्हाताऱ्या जिवाला?” सगळे माझ्याकडे असे बघत होते जणू मीच तिचा गळा धरला आहे. मी टॅब परत दिला. माय लगेच गप्प झाली.

मग एकच मार्ग राहिला, डाव संपवायचा.

संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो. खुर्चीवर बसवेना, म्हणून पलंगाच्या कडेला बसलो. “माय,” मी म्हणालो, “ही सोंगटी आत टाक. एकदा बोट लाव फक्त.” तिनं हात हलवला नाही. मी माझंच बोट लावलं. काहीच नाही. टच गेला असेल म्हणून बाकी सगळीकडे दाबून पाहिलं, टच चांगला होता. फक्त तेवढी सोंगटी माझं बोट घेत नव्हती. शेवटी मी तिचं उजवं बोट माझ्या चिमटीत धरलं आणि काचेकडे नेलं.

तिनं हात मागे ओढला. जोरात. लकव्याच्या हातात स्नायू आखडतात आणि असा झटका येतो, हे रेवती मॅडमनी सांगितलं होतं. मी तेच धरून चाललो. पुन्हा नेलं, पुन्हा झटका. तिसऱ्यांदा मी ओरडलो. “एवढं बी होत न्हाई का तुला? एक बोट? दिसभर कुणासंगं खेळतीस तवा बराबर हलतंय ना?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “ब,” म्हणाली. मला त्या अक्षराचा इतका संताप यायला लागला होता की मी उठून बाहेर गेलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. तिथं कोणीही नव्हतं.

५

तरी रेवती मॅडम म्हणत होत्या की सुधारणा आहे. काकी म्हणत होत्या की माय दुपारी पाणी मागते, ‘पाणी’ म्हणून. मला आनंद व्हायला पाहिजे होता. माय बरी होत होती, त्यासाठीच मी सगळं करत होतो. पण ती माझ्यापुढे बरी होत नव्हती. मी घरात शिरलो की तिचं तोंड बंद, हात जड, नजर भिंतीवर. मला राग यायचा, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. मला तिथं दुसऱ्या कोणाच्या तरी उबदार जागेवर चुकून बसल्यासारखं वाटायचं.

काकींशी मी गोड बोलून समेट केला. म्हणालो, “काकी, उद्या मी दुपारी घरी आलो की लगेच मला दुकानाच्या नंबरवर फोन करायचा. दुकानाचा, बरं का.”

“तू घरी आल्यावर तुलाच दुकानात फोन करू?” काकी म्हणाल्या. “उन्हानं चळलास का रे?”

“करा म्हणलं ना.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. रस्त्यावर कोणी नाही, हळदीचं पोतं नेणारा एक टेम्पो तेवढा स्टँडवरून गेला. मी एक फोन उघडून ठेवला होता आणि त्याच्या आत काय बघायचं तेच विसरलो होतो. दुकानाचा फोन वाजला.

काकी हसत होत्या. “हां, केला बरं का फोन. काय खूळ हाय बाबा तुझं. तू हितं समोर बसून राहिलास आन मला तुझ्याच दुकानात...” मी मधेच ‘हां, बोला’ म्हणालो, आणि त्यांचं हसू थांबलं. मला वाटतं त्यांना त्या क्षणी कळलं की फोन मी उचलला आहे.

“काकी,” मी म्हणालो, “तो काय करून राहिला?”

पंखा खटखटत होता. मग फोनपासून लांब, एक पुरुषाचा आवाज, समजूत घातल्यासारखा:

“ठिवा काकी. दुकानावर कोणी न्हाई. तुमी जावा घरी, मी हाय ना मायपाशी.”

आपलाच आवाज बाहेरून ऐकला की ओळखू येत नाही असं म्हणतात. मला आला. दुरुस्त केलेला माईक गिऱ्हाइकांना दाखवताना मी स्वतःचं बोलणं शेकडो वेळा रेकॉर्ड करून ऐकवलंय. तो माझाच आवाज होता, फक्त त्यात कशाचाच कंटाळा नव्हता.

६

दुकानाचं शटर मी अर्धंच ओढलं आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी काकी भेटल्या, पदर डोक्यावर घेऊन भरभर गल्लीबाहेर निघालेल्या. मला बघून त्या भिंतीला टेकल्या. त्यांनी फक्त माझ्या वाटेतून अंग चोरून घेतलं, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली.

आमच्या दाराला आतून कडी होती. ती कडी माय बसलेल्या जागेवरून लावू शकत नाही. मी दार ठोठावलं नाही. का, ते सांगता येत नाही. स्वतःच्या घराचं दार ठोठावायचं तर काय म्हणायचं, कोण आलंय म्हणून सांगायचं? मी भिंतीच्या कडेनं खिडकीकडे गेलो. आमची खिडकी गल्लीकडे उघडते, तिची दारं अर्धी पुढे ओढलेली होती.

आत कोणीतरी बोलत होतं. आधी मला वाटलं टॅबवर काही लावलंय. मग कळलं की माय बोलतेय.

अडखळत, शब्द शोधत, पण बोलत होती. अंगणवाडीतल्या कोणत्या तरी पोराची गोष्ट सांगत होती, जो रोज खिचडीतले वाटाणे खिशात भरून न्यायचा. मला ती गोष्ट लहानपणापासून माहीत आहे. मी ती इतक्यांदा ऐकली होती की गेल्या काही वर्षांत तिनं सुरू केली की मी म्हणायचो, हो माय, सांगितलंस. आतला ऐकत होता. मधेच हसला. “मंग?” म्हणाला. “मंग काय केलं त्यानं?”

“थांब... शब्द येईना,” माय म्हणाली.

“येऊ दे की. आपल्याला कुठं जायचंय?”

मी भिंतीला हात टेकून उभा होतो. ऊन पाठीवर होतं आणि मला थंडी वाजत होती. माय बोलली. सगळा हिवाळा मी ज्याची वाट बघितली ते झालं होतं, आणि मी चोरासारखा खिडकीबाहेर.

फटीतून पलंगाची एक बाजू दिसत होती. टॅब स्टँडवर, त्यावर तोच पट. मायचा उजवा हात, सरळ झालेली बोटं. त्या हाताखाली दुसरा हात, आधाराला धरलेला, हलका. बाही माझ्या शर्टाची होती. माझ्या अंगठ्याला सोल्डरिंग करताना भाजल्याचा डाग आहे, दुकान काढलं तेव्हापासूनचा. त्या अंगठ्यावर काही नव्हतं. स्वच्छ, कोरा, पोराच्या हातासारखा. हाताच्या वर खांद्यापर्यंत दिसत होतं. त्यापुढे खिडकीचं दार होतं आणि मला ते ढकलायचं धाडस झालं नाही.

“माय,” मी म्हणालो.

आतलं बोलणं थांबलं. खुर्ची करकरली नाही. तो हलला नव्हता. मायनं मान वळवली. फटीतून तिची नजर सरळ माझ्या डोळ्यांवर आली, आणि तिनं मला ओळखलं. याबद्दल मला आजही शंका नाही. तिचा चेहरा आता ओढलेला नव्हता. त्यावर सगळं वाचता येत होतं.

“माय, एक पडलाय,” मी हळू बोललो; ओट्यावर बाजूला उभ्या असलेल्यानं बोलायचं नसतं, तरी बोललो. “ती सोंगटी आत टाक. एकदाच. मंग मी आत येतो. मी बसतो तुझ्यापाशी, रोज बसतो, दुपारी दुकान बंद ठेवतो. तू सांगशील ती गोष्ट ऐकतो. टाक ना, माय.”

तिचा हात उचलला गेला. त्या दुसऱ्या हाताच्या आधाराशिवाय. तिचं बोट काचेवर आलं, त्या पिवळ्या सोंगटीच्या अगदी वर. थरथरत नव्हतं. आतला काही म्हणाला नाही, त्यानं तिला अडवलं नाही, घाईही केली नाही. तो तिला वेळ देत होता.

मायनं माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला चाललं असतं. मग तिनं बोट मागं घेतलं, हात मांडीवर ठेवला आणि पदर त्यावर ओढून घेतला.

“खिडकी लाव, धम्मा,” ती म्हणाली. “झळ येऊन राहिली.”

खुर्ची करकरली. खिडकीच्या फटीत तो डाग नसलेला अंगठा आला, आणि दार ओढून घेतलं गेलं, अगदी सावकाश, आवाज होऊ न देता. लकवा मारल्यापासून मायनं माझं नाव घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.